हजेरीपासून नस्तीपर्यंत: महापालिकेतल्या फेलोचा दिवस

पहाटे साडेपाच. सोलापूरच्या पूर्व भागात एका आरोग्य कोठीवर सफाई कामगारांची हजेरी चालू आहे. मुकादम नावं पुकारतात, बायका डोक्याला रुमाल आवळत ‘हाय’ म्हणतात आणि झाडू उचलून निघतात. माझ्याकडचा घनकचरा विभाग सुटला, सध्या करआकारणी आहे. तरी अधूनमधून मी पहाटे इथे येतेच. कुठल्या बोळात घंटागाडी वळत नाही, कुठलं घर वर्षभर कुलूपबंद आहे, हे मुकादमांना तोंडपाठ असतं. आज ते एका वाड्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ताई, तुमच्या यादीत ही एकच मालमत्ता असंल बघा. आम्ही हितनं सात बादल्या उचलतो.” मी वहीत लिहून घेतलं. सात बादल्या म्हणजे सात चुली.

सात वाजता त्याच गल्लीच्या तोंडाशी चावीवाले भेटतात. लांब दांड्याची लोखंडी चावी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घालून ते आटे मोजत फिरवतात. पूर्ण उघडला तर खालच्या वस्तीत पाणी धो धो आणि चढावर करंगळीएवढी धार. म्हणून थोडा उघडायचा, थांबायचं, कान देऊन ऐकायचं, मग पुन्हा दोन आटे. सोलापूरला पाणी येतं ते उजनी धरणातून सुमारे 110 किलोमीटरच्या जलवाहिनीनं, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून. एवढ्या लांबून आलेलं पाणी काही दिवसांआड घराघरांत पोचतं, तेव्हा त्याचा शेवटचा न्याय या माणसाच्या मनगटात असतो. बायका घागरी मांडून उभ्या आहेत. “कधी सोडणार हो?” हा प्रश्न तेलुगूत, कन्नडात आणि मराठीत एकाच दमात कानावर येतो.

घरी जाऊन आंघोळ, चहा, आणि दहाला इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ही देखणी वास्तू महापालिकेची आहे. पायऱ्या चढताना अजूनही छाती थोडी भरून येते.

मी इथे आले ती मुख्यमंत्री फेलोशिपमधून. महाराष्ट्रात हा कार्यक्रम 2015 साली सुरू झाला, मधे बंद पडला आणि 2023 मध्ये पुन्हा उभा राहिला. वय 21 ते 26, पदवी, थोडा अनुभव, मराठी चांगली हवी. परीक्षा, निबंध, मुलाखत, आणि राज्यभरातून साठेक जणांची निवड. मुदत बारा महिन्यांची. 2025-26 साठी विद्यावेतन 56,100 रुपये आणि प्रवासखर्चाचे 5,400 ठरले. काही जण जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, काही जिल्हा परिषदेत, काही महापालिकेत. माझ्या बाबतीत एका टेबलाला न चिकटवता आधी घनकचरा, आता करआकारणी, पुढे पाणीपुरवठा असं ठरवून दिलं गेलं. हे फिरणं हाच या वर्षाचा खरा अभ्यासक्रम आहे, असं मला आता वाटतं.

अकराला संगणकासमोर. मालमत्ता क्रमांकांची एक यादी, नळजोडांची दुसरी. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी सुरू झालेल्या. एकीत आजोबांचं नाव, दुसरीत सुनेचं. एकीत घर क्रमांक, दुसरीत ‘मारुती मंदिरामागे’. संगणक या दोघांना परके समजतो. जुळवायला माणूसच लागतो, आणि तोही अशा पहाटे कोठीवर उभा राहिलेला.

दुपारी डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. विभागातले ज्येष्ठ लिपिक आपल्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढतात.

मग त्यांची शिकवणी. वाड्याच्या पाहणीचा माझा प्रस्ताव मी तक्त्यांसकट छान सजवून आणला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि कोरा कागद पुढे सरकवला. “मॅडम, आधी विषय. मग संदर्भ. मग वस्तुस्थिती. शेवटी काय मंजूर करायचं ते एका वाक्यात.” डावीकडे समास मोठा सोडायचा, वरिष्ठांना शेरा लिहायला जागा हवी. जोडपत्रांना पताका लावायच्या, अ, ब, क. खर्च असेल तर लेखाशीर्ष सांगायचं, नाहीतर नस्ती, म्हणजे फाइल, लेखा विभागातून परत. चार पानांचं दीड पान झालं आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. नस्तीला लालफीत म्हणून हिणवायची फॅशन आहे. मला ती शहराची स्मरणशक्ती वाटते. अधिकारी बदलतात, पंधरा वर्षांपूर्वी कुणी, कशासाठी, काय ठरवलं, ते तिच्यातच सापडतं.

चार वाजता वसुली लिपिकांबरोबर त्या वाड्यात. खालच्या मजल्यावर यंत्रमागांचा खडखडाट, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. वर एकाच कुटुंबाच्या वाटण्या होऊन सात खोल्या. घरातल्या आजी दारातच अडवतात, “टॅक्स वाढवायला आलाय व्हय?” लिपिक शांतपणे खाली बसतात, पाणी मागून पितात आणि सांगतात की बिल एकाच्या नावावर राहिलं तर थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते आणि भांडण सातही घरांत होतं. आजी धाकट्या सुनेला हाक मारतात. ती पत्र्याच्या पेटीतून जुनी पावती, नळाचं बिल आणि वाटणीपत्र काढून देते. मी मापं घेते, मागाचा भाग वेगळा, राहण्याचा वेगळा.

साडेसहाला आढावा बैठक. त्यात माझी दोन वाक्यं.

रात्री जेवण उरकून आयआयटी मुंबईच्या सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमाचं वाचन. फेलोशिपचाच तो भाग आहे. आजचा विषय स्थानिक कर. आजींचा प्रश्न या प्रकरणात कुठे बसतो, ते शोधत वाचते.

अकराला झोपण्याआधी निळी वही. मुकादमांचा वाडा, चावीवाल्यांचे आटे, लिपिकांचा दीड पानी मसुदा, सगळं तारीखवार. बारा महिने संपतील तेव्हा मला विभागांमधले सांधे नुकते कुठे दिसू लागलेले असतील, आणि माझ्या जागी नवं कुणी येईल. त्याला पुन्हा पहिल्या पहाटेपासून सुरुवात करायला लावणं शहराला परवडणारं नाही. म्हणून शासनाला एक विनंती आहे: प्रत्येक फेलोची हस्तांतर टिप्पणी पुढच्या फेलोच्या रुजू होण्याच्या दिवशी त्याच्या हातात पडेल, अशी तरतूद शासन निर्णयातच करावी. तिचा मसुदा दीड पानात बसतो.