संकेतस्थळाची नाडीपरीक्षा



१६ जुलै २०२१ हा दिवस त्या वर्षीं दहावींत असलेल्या मुलांच्या घरीं अद्याप कोणी विसरलें नसेल. करोनाच्या सांथीमुळें परीक्षाच झाली नव्हती. शाळांनीं अंतर्गत मूल्यमापनावरून गुण दिले होते, आणि सुमारें पावणेसोळा लाख मुलामुलींचा निकाल दुपारीं एक वाजतां संकेतस्थळावर लागावयाचा होता. एक वाजला आणि संकेतस्थळ उघडेना. दोन वाजले, तीन वाजले. घरोघरीं मोबाइलच्या पडद्यावर तें एक वर्तुळ गरगर फिरत राहिलें. कित्येक तास हीच स्थिति होती. निकाल ९९.९५ टक्के लागला होता, म्हणजे नापास होण्याची धास्ती जवळजवळ कोणालाच नव्हती. तरीपण त्या वर्तुळाकडे पाहत बसलेल्या मुलाला ही टक्केवारी सांगून काय उपयोग? पुढें चौकशीचा आदेश निघाला. त्याच महिन्यांत अकरावीच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे अर्ज घेणारें संकेतस्थळही तात्पुरतें बंद ठेवावें लागलें. ती परीक्षाच उच्च न्यायालयानें ऑगस्टमध्यें रद्द केली, ही गोष्ट निराळी.

त्या बिघाडाला जबाबदार कोण, हा आजचा विषय नव्हे. विषय असा कीं, संकेतस्थळाची गति मंदावूं लागली आहे हें तें चालविणाराला लोकांच्या ओरडण्यापूर्वीं कळावें कसें? त्याला उपाय आहे, तो पुष्कळसा विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्याचें तत्त्व समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाहीं.

प्रथम वेळ जातो कोठें तें पाहूं. आपण पत्त्यावर बोट टेकवितों आणि दोन-चार सेकंदांत पान दिसतें; पण त्या दोन-चार सेकंदांच्या पोटांत बरीच मोठी यात्रा घडते. संकेतस्थळाचें नांव हें माणसाच्या सोयीसाठीं असतें. यंत्राला अंक लागतात. तेव्हां पहिलें काम म्हणजे नांवावरून अंक शोधणें. (या नांवांच्या नोंदवहीचा आमच्या भागाशीं थोडा ऋणानुबंध आहे. आपल्या देशाचें ‘डॉट इन’ हें आडनांव १९८९ सालीं नोंदलें गेलें, आणि पुष्कळ वर्षें ती वही जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. २००३ सालीं ही संस्था सी-डॅकमध्यें विलीन झाली, आणि त्या सी-डॅकचें एक केंद्र खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे. लोकलमधून उतरणारे आम्ही लोक त्याच्याकडे न पाहतां रिक्षाच्या रांगेकडे धांवतों.) अंक सांपडला कीं दूरच्या सर्व्हरशीं जोडणी होते, मग दोघांत गुप्त लिपीचा करार ठरतो, मग आपली मागणी तेथें पोंचते. सर्व्हर ती डेटाबेसकडे नेतो. डेटाबेस म्हणजे त्याचें दप्तरखानें. तेथून कागद निघाला कीं उलट प्रवास, आणि शेवटीं आपल्या मोबाइलनें तें पान पडद्यावर रेखाटावयाचें. यांतील कोणत्या टप्प्यावर खोळंबा झाला हें पाहणाराला कळण्याचा मार्ग नाहीं. त्याला सगळीकडे तेंच वर्तुळ दिसतें.

परंतु मोबाइलमधील ब्राउझरला मात्र तें कळतें. संकेतस्थळांचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१२ सालीं असें प्रमाण ठरविलें कीं, ब्राउझरनें प्रत्येक टप्प्याची वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, टिपून ठेवावी. नांव शोधण्यास इतका वेळ, जोडणीस इतका, उत्तराचें पहिलें अक्षर येण्यास इतका. घड्याळ असें आपल्या हातांतच आहे. तें वाचून नोंद कळविणारा कोणी पाहिजे. तें काम करणाऱ्या तयार आज्ञांच्या संचास प्रोग्रामर लोक ‘लायब्ररी’ म्हणतात. आयुष्यभर या शब्दाचा अर्थ ग्रंथालय असा समजत आलेल्या माणसाला तें प्रथम खटकतें, पण ग्रंथालयांतून पुस्तक आणावें तसा दुसऱ्यानें लिहिलेला कार्यक्रम आणून आपल्या कामांत वापरावयाचा, एवढाच त्याचा भावार्थ.

अशा लायब्रऱ्यांपैकीं एक जुनी म्हणजे ‘बूमरँग’. याहू कंपनींत काम करणाऱ्या फिलिप टेलिस यांनीं ती लिहिली आणि २०१० सालीं कंपनीनें तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला. पानाच्या आरंभीं दोन-चार ओळी घातल्या कीं काम झालें. पान उघडतांच ती ब्राउझरचें घड्याळ वाचते आणि एक लहानशी चिठ्ठी मालकाच्या सर्व्हरकडे परत धाडते. बूमरँग हें नांव किती समर्पक आहे पाहा. पुढें २०२० सालीं गूगलनें ‘वेब व्हायटल्स’ नांवाची याहूनही लहान लायब्ररी दिली. तिचे निकष असे: पानांतील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आंत दिसला तर चांगलें, चार सेकंदांहून जास्त लागले तर वाईट, बोट टेकविल्यावर पानानें २०० मिलिसेकंदांत दाद दिली तर चांगलें, ५०० च्या वर गेली तर वाईट. हे आंकडे हवेंतून आलेले नाहींत. यंत्रापुढें बसलेला माणूस किती वेळ धीर धरतो याचा विचार रॉबर्ट मिलर यांनीं १९६८ सालींच मांडला होता, आणि १९९३ सालीं याकोब निल्सन यांनीं त्याला सुटसुटीत रूप दिलें: दशांश सेकंदांत उत्तर आलें तर तें तत्क्षणीं आल्यासारखें वाटतें, एक सेकंदापर्यंत विचारांची सांखळी तुटत नाहीं, आणि दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडून जातें. वर्गांत शिकविलेल्या कोणासही हें पटावें.

ही लायब्ररी बसवितांना एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें लागतें. पान तिच्यासाठीं थांबतां कामा नये. ती मागाहून, आपल्या सोयीनें उतरावी, आणि उतरली नाहीं तरी पान बिनबोभाट उघडावें. नाडी पाहावयास आलेल्या वैद्यानेंच रोग्याची छाती दाबून धरली तर काय व्हावयाचें!

आतां चिठ्ठ्या येऊं लागल्या. त्यांचें करावयाचें काय? येथें पुष्कळ शहाणींसुरतीं माणसें फसतात, कारण तीं सरासरी काढतात. समजा, शंभर मुलांनीं निकाल पाहिला. पंचाण्णव जणांना तो एका सेकंदांत दिसला आणि पांच जणांना एकेचाळीस सेकंद लागले. एकूण वेळ तीनशें सेकंद, सरासरी तीन सेकंद. अहवालांत तीन सेकंद हा आंकडा मोठा सभ्य दिसतो. पण तीन सेकंद लागलेला असा एकही मुलगा त्या शंभरांत नाहीं! म्हणून जाणते लोक सगळ्या वेळा चढत्या क्रमानें मांडून पंचाहत्तरावा, पंचाण्णवावा, नव्याण्णवावा कोण व त्याला किती वेळ लागला असें विचारतात. वेब व्हायटल्सच्या रूढ हिशेबांत पंचाहत्तराव्यावर समाधान मानतात. दुकानदारीसाठीं तें ठीक असेल; परीक्षेचा निकाल, निवृत्तिवेतन, रुग्णालयाची वेळ अशा गोष्टींत शेंकडा पंचवीस लोकांकडे काणाडोळा करणें मला मान्य नाहीं. वरच्याच उदाहरणांत पंचाहत्तराव्याचें उत्तर एक सेकंद येतें, आणि ते पांच जण कोणास दिसतही नाहींत.

याहून मोठी गोम पुढेंच आहे. ज्याचें पान उघडलेंच नाहीं, त्याच्या ब्राउझरांत ती लायब्ररी उतरलीच नाहीं, आणि म्हणून त्याची चिठ्ठी येतच नाहीं. हजेरी घेतांना गैरहजर मुलानें ‘मी आलों नाहीं’ असें ओरडून सांगावें, अशी अपेक्षा करण्यासारखें तें आहे. संकेतस्थळ पुरतें कोसळलें असतां या चिठ्ठ्यांचा तक्ता उलट सुधारलेला दिसूं शकतो, कारण नशीबवान तेवढेच बोलत असतात. यास्तव नाडी दोन्हीकडून पाहावी लागते. सर्व्हरच्या दारांतही एक मोजणीदार बसवितात. तो प्रत्येक मागणी आंत आल्याची आणि उत्तर बाहेर गेल्याची वेळ टिपतो, आणि कितींना उत्तराऐवजीं नकार मिळाला तेंही मोजतो. ‘प्रोमीथिअस’ हें या कामाचें प्रसिद्ध मुक्तस्रोत साधन. साउंडक्लाउड या बर्लिनच्या संगीताच्या कंपनींत २०१२ सालीं त्याचा आरंभ झाला. त्याची रीति मोठी शिस्तीची आहे: अर्ज घालणारा मोजणीदार आपण होऊन कांहीं पाठवीत नाहीं, प्रोमीथिअसच ठराविक सेकंदांनीं येऊन त्याची वही वाचून जातो. दिपोटी फेरी मारतात त्याप्रमाणें. एखाद्या वर्गावर वहीच मिळाली नाहीं, तर तीही बातमी असतेच.

मोठ्या संकेतस्थळांत एका मागणीमागें पांच-दहा निरनिराळे सर्व्हर राबतात. कोणीं वेळ खाल्ला तें शोधण्यासाठीं ‘ओपनटेलेमेट्री’ नांवाचें साधन २०१९ पासून पुढें आलें. तें प्रत्येक मागणीला दारांतच एक क्रमांक चिकटवितें, आणि ती जेथें जेथें जाईल तेथें त्या क्रमांकापुढें आल्यागेल्याची वेळ मांडली जाते. रजिस्टर पत्रावर प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का उठत असे, तसेंच हें. मग दप्तरखान्यांत साडेतीन सेकंद गेले आणि बाकी सगळीकडे मिळून अर्धा, हें चक्षुर्वैसत्यम् दिसतें.

पण निकालाच्या दिवशीं सगळें एकदम कां कोसळतें? डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनीं टेलिफोनच्या तारांवरील गर्दीसंबंधीं १९०९ सालीं एक निबंध लिहिला, आणि त्यांतून रांगांचें एक शास्त्रच उभें राहिलें. त्यांतील साध्यांत साधा हिशेब असा. लोक यदृच्छेनें येत आहेत, खिडकी एक आहे आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळ कमीजास्त आहे. खिडकी निम्मा वेळ कामांत असेल तर रांगेसकट सरासरी दुप्पट वेळ लागतो. शेंकडा ८० वेळ कामांत असेल तर पांचपट, ९० असेल तर दसपट, ९५ असेल तर वीसपट! म्हणजे ऐशींपासून पंचाण्णवपर्यंत भार वाढला तो थोडाच, पण विलंब चौपट झाला. शिवाय, वर्तुळ पाहून कंटाळलेला प्रत्येक जण पान पुनःपुन्हां उघडतो, आणि रांगेंत एकाचे चार होतात. कालपर्यंत सर्व ठीक होतें, या म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाहीं.

मुक्तस्रोत साधन घ्यावें कीं विकत घ्यावें? माझें मत पहिल्याकडे झुकतें, पण केवळ फुकट म्हणून नव्हे; किंबहुना तें पुरतें फुकट नसतेंच. चिठ्ठ्या सांठविण्यास जागा लागते, आणि त्या वाचण्यास पगारी माणूस लागतो. खरा लाभ असा कीं, ती लायब्ररी काय टिपते आणि कोठें पाठविते तें कोणासही उघडून वाचतां येतें. दहावीचा निकाल पाहतांना बैठक क्रमांक आणि आईचें नांव घालावें लागतें. हीं दोन्ही पानाच्या पत्त्यांत आलीं, आणि लायब्ररीनें पत्ता जसाच्या तसा चिठ्ठींत घातला, तर वेळ मोजण्याच्या निमित्तानें लाखों मुलांच्या आयांचीं नांवें भलत्याच ठिकाणीं जाऊन पडतील. पत्त्याचा तो भाग गाळूनच चिठ्ठी निघेल, अशी व्यवस्था करतां येते आणि ती केलीच पाहिजे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ सालीं संसदेनें केला आहे.

राहतां राहिली घंटा. हे सगळे आंकडे रंगीत तक्त्यावर कितीही सुंदर दिसले, तरी रात्रंदिवस त्यांकडे पाहत कोणी बसत नाहीं. म्हणून अमुक मर्यादा ओलांडली कीं जबाबदार माणसाच्या मोबाइलवर घंटा वाजावी अशी योजना करतात. ती फार हळवी ठेवली तर दिवसांतून चाळीस वेळां वाजते आणि मग तिकडे कोणी लक्ष देत नाहीं. भार शेंकडा सत्तरावर गेला, किंवा नव्याण्णवाव्या माणसाचा विलंब सलग पांच मिनिटें चार सेकंदांच्या वर राहिला, अशा एक-दोनच गोष्टींवर ती बांधावी, आणि निकालाच्या आदल्या आठवड्यांत खोटी गर्दी सोडून ती खरोखर वाजते कीं नाहीं तें एकदां ऐकून ठेवावें.