लोहाराच्या मुलाने लावला धरतीच्या थरांचा हिशेब

विहीर खणली किंवा रस्त्यासाठी डोंगर कापला की जमिनीचे थर उघडे पडतात. खणणाऱ्या मजुराला ते रोज दिसतात. या थरांवरून पृथ्वीचा इतिहास वाचणाऱ्या विद्येला भूस्तरशास्त्र म्हणतात. ही विद्या उभी करण्यात ज्याचा फार मोठा वाटा आहे, तो विल्यम स्मिथ इंग्लंडमधल्या एका खेड्यातील लोहाराचा मुलगा होता. त्याची हकीकत आपल्या मुलामुलींना ठाऊक असावी, म्हणून आम्ही ती येथे देत आहोत.

दुरडीतल्या भाकरी

नद्यांनी आणलेला गाळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचतो. वरच्या भाराने दबून हजारो-लाखो वर्षांत त्याचा खडक बनतो. १६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने साधा नियम मांडला : उलथापालथ झाली नसेल, तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. आपण दुरडीत भाकरी रचतो, तेव्हा तळची आधी भाजलेली असते. तसेच हे.

पण एका गावचा थर आणि पन्नास मैलांवरचा थर एकच आहे की निराळा, हे ओळखायचे कसे? रंगाने सारखे दिसणारे थर पुष्कळ असतात. हे कोडे स्मिथने सोडवले.

खाणीत आणि कालव्यावर

स्मिथचा जन्म १७६९ चा. तो आठ वर्षांचा असतानाच वडील वारले. शिक्षण गावच्या शाळेपुरतेच. अठराव्या वर्षी तो एका जमीनमोजणीदाराच्या हाताखाली कामाला लागला. पुढे सॉमरसेट भागातील कोळशाच्या खाणीत उतरून त्याने पाहिले, की थरांचा क्रम ठरलेला आहे. मग त्याच भागात कोळसा वाहून नेण्यासाठी कालवा खणण्याचे काम निघाले आणि स्मिथ त्याचा मोजणीदार झाला. मैलोन्‌मैल जमीन त्याच्या डोळ्यांसमोर चिरली गेली.

दगड बनलेल्या शंख-शिंपल्यांना जीवाश्म म्हणतात. प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे आहेत, हे स्मिथने टिपले आणि १७९६ साली लिहून ठेवले. दोन थर दिसायला सारखे असले, तरी आतले शिंपले त्यांची ओळख सांगत. कोठेही जा, क्रम तोच.

त्या काळी इंग्लंडात धर्मग्रंथाच्या आधारे पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांच्या आसपास मानत. थरांचा अभ्यास वाढत गेला, तसा तो हिशेब कोसळला. आज शास्त्र पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते.

श्रम एकाचे, मान दुसऱ्याचा

१७९९ साली स्मिथने थरांचा तक्ता दोन मित्रांना तोंडी सांगितला व त्यांनी तो उतरवून घेतला. त्याच्या नकला हातोहात फिरल्या, पण स्वतःचे पुस्तक काढण्यास स्मिथला फार उशीर झाला. देशभर वर्षानुवर्षे वणवण करून अखेर १८१५ साली त्याने इंग्लंड-वेल्सच्या थरांचा भव्य रंगीत नकाशा प्रसिद्ध केला. तो सुमारे साडेआठ फूट उंच आणि सहा फूट रुंद होता.

लंडनमध्ये १८०७ साली भूशास्त्र मंडळ स्थापन झाले होते. त्यात धनिक, प्रतिष्ठित लोकांचा भरणा होता. मजुरांत वावरणाऱ्या स्मिथला तेथे जागा नव्हती. मंडळाचे पहिले अध्यक्ष ग्रीनो यांनी स्मिथच्या कामाचा आधार घेऊन १८२० साली दुसरा नकाशा काढला, पण स्मिथचे श्रेय त्याला दिले नाही. तोवर स्मिथ कर्जात बुडाला होता. आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्याला ब्रिटिश म्युझियमला विकावे लागले. तरीही १८१९ साली तो कर्जापायी तुरुंगात गेला.

१८३१ साली त्याच मंडळाने आपले पहिले वोलास्टन पदक स्मिथला दिले आणि अध्यक्ष सेजविक यांनी त्याला इंग्लिश भूशास्त्राचा जनक म्हटले. १८३९ साली स्मिथ वारला. १८६५ साली ग्रीनोच्या नकाशाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा स्मिथच्या मूळ नकाशाचा आधार त्यावर छापला गेला. स्मिथने वाढवलेला अनाथ भाचा जॉन फिलिप्स पुढे ऑक्सफर्डमध्ये भूशास्त्र शिकवू लागला.

आपण काय घ्यावे?

स्वतः पाहा, तपासा, मग माना, ही भगवान बुद्धांची शिकवण. स्मिथने न कळत तोच मार्ग धरला. त्याच्या विद्येचा उगम कुदळीच्या कामात होता. हातांनी काम करणाऱ्याला बुद्धी कमी, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

दुसरी गोष्ट लिहिण्याची. तोंडी सांगितलेले ज्ञान दुसऱ्याच्या नावावर जायला वेळ लागत नाही. आपले म्हणणे आपल्याच छापील अक्षरांत उतरावे, म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले. आपल्या घरात गवंडी आहेत, विहिरी खणणारे आहेत, खाणकामगार आहेत. त्यांनी जे पाहिले, ते शिकलेल्या मुलांनी त्यांच्याजवळ बसून वहीत उतरवावे आणि खाली त्यांचे नाव व तारीख घालावी, अशी आमची विनंती आहे.