रविवारची उपासना, बँड आणि संशोधकाची जागा

मागच्या लेखात आपण संशोधनाचा विषय कसा निवडायचा ते पाहिलं. त्यानंतर पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलं, "ताई, फील्डवर्क म्हणजे जाऊन बसायचं, बघायचं आणि लिहून आणायचं, एवढंच ना?" मीही कोर्सवर्कच्या वर्षी असंच समजत होते. ते तसं का नसतं, हे आज माझ्याच कामातल्या एका रविवारच्या आधारानं सांगते. विषय संगीताचा आहे, पण तुमचा विषय शेती, आरोग्य किंवा शिक्षण असला तरी अडचण हीच येणार आहे.

विषय कुठून आला

मी आंजी (मोठी)ची. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. आमच्याकडे गाणं म्हणजे आधी खंजिरी भजन. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना ऐकतच आम्ही मोठे झालो. महिला भजन मंडळात मी हार्मोनियम धरायची. तिथं एक गोष्ट लहानपणीच कळली. पुढं बसलेली बाई नुसतं गात नसते. कोणाचा आवाज बसलाय, ध्रुपद अजून एकदा घ्यायचं की थांबायचं, हे ती नजरेनं ठरवत असते.

पुढं नागपुरात शिकताना एका वर्गमैत्रिणीसोबत तिच्या मंडळीच्या रविवारच्या उपासनेला गेले. समोर कीबोर्ड, दोन गिटार, ड्रम आणि पडद्यावर गाण्याचे शब्द. गाणी मराठी, हिंदी आणि एक इंग्रजी. समोर माईक धरून उभा असलेला मुलगा तेच करत होता, जे आमची भजन मंडळातली बाई करायची. तिथून माझा विषय सुरू झाला.

वर्शिप लीडर नेमकं काय करतो

बाहेरून वाटतं, तो मुख्य गायक आहे. आठवडाभर त्याच्या मागं फिरलं की कळतं, गाणं हा त्याच्या कामाचा लहान भाग आहे. पाळकांचा संदेश कशावर आहे ते विचारून तो चार-पाच गाणी निवडतो. सुरुवातीला जलद, आभाराची गाणी, मग हळूहळू संथ आराधनेची. शनिवारी सराव होतो. त्यात कोणतं गाणं कोणत्या पट्टीत, लय किती, कडव्यानंतर कोरस किती वेळा, हे ठरतं. पण रविवारी हे सगळं बदलू शकतं. लोक रमले तर कोरस पुन्हा घेतात. त्यासाठी हाताच्या खुणा असतात. 'परत', 'आवाज खाली', 'शेवटची ओळ' हे ड्रमवाल्याला न बोलता कळलं पाहिजे. प्रार्थना सुरू झाली की कीबोर्डवाला दोन-तीन सूर धरून ठेवतो, म्हणजे मधे एकदम शांतता पडत नाही.

ही पद्धत फार जुनी नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात जी तरुणांची ख्रिस्ती चळवळ उभी राहिली, तिच्यातून गिटारवरची साधी स्तुतिगीतं चर्चमध्ये आली. पुढं ऑस्ट्रेलियातल्या हिलसाँगसारख्या चर्चनी ती जगभर पोचवली. या संगीताचा अभ्यास करणाऱ्या मोनिक इंगल्स यांचं 'सिंगिंग द काँग्रिगेशन' (२०१८) हे पुस्तक मला फार उपयोगी पडलं. त्यांचा मुद्दा असा की मंडळी आधी असते आणि मग ती गाते, असं नाही. एकत्र गाण्यातूनच ती मंडळी बनते, मग ते चर्च असो, कॉन्सर्ट असो वा मोबाईलचा पडदा.

हे वाक्य मनात ठेवा. कारण मग प्रश्न येतो: जो गाऊ शकत नाही, तो त्या मंडळीत आहे का?

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं 'आधुनिक वर्शिप बँडचा मराठी ख्रिस्ती उपासनेवर होणारा परिणाम'. गाईडनं एकच विचारलं, "परिणाम म्हणजे काय, आणि तो तुला दिसणार कसा?" मला उत्तर देता आलं नाही.

तुम्हीही शीर्षकात 'परिणाम', 'भूमिका', 'योगदान' असे शब्द लिहिले असतील तर थांबा. हे शब्द वाईट नाहीत, पण ते प्रश्न लपवतात. तीन-चार वेळा लिहून-खोडून माझा प्रश्न असा झाला: रविवारच्या उपासनेत गाणं, भाषा आणि पट्टी यांचा निर्णय कोण घेतं, आणि त्या निर्णयामुळं कोण गातं, कोण गप्प होतं? हे दिसतं, ऐकू येतं आणि विचारता येतं.

आधी इतिहास, मग मत

माझ्या डोक्यात एक सोपी मांडणी होती: हार्मोनियम-तबला म्हणजे आपलं, गिटार-ड्रम म्हणजे परकं. इतिहास वाचला आणि ती मोडली.

सतराव्या शतकापासून पाहा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, छपाई मात्र रोमन लिपीत. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मंडळ्यांमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं पाश्चात्त्य चालींवर गायली जात. मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). त्यांचा आपल्या भागाशी संबंध आहे. ते नागपुरात राहिले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्यानं त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती उपासनेनं अभंग, भजन, कीर्तन या आपल्या रूपांत बोलावं, हा त्यांचा आग्रह होता. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मराठी मंडळ्यांमध्ये आजही वापरतात आणि त्यात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचली नसतील तर वाचाच. धर्मांतर घरात कसं घडतं, हे त्याहून चांगलं कुठं सापडणार नाही.

आता हार्मोनियमचं बघा. ही पेटी मूळची युरोपातली. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं गेलं, आणि पुढं कोलकात्यात तिचं मांडी घालून वाजवायचं हाताच्या भात्याचं रूप घडलं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिच्यातून मींड निघत नाही आणि ती भारतीय नाही, असं म्हणणं होतं. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज तीच पेटी 'आपली' आहे. म्हणजे 'आपलं' आणि 'परकं' ही उत्तरं नाहीत. लोक कशाला कधी आपलं म्हणू लागतात, हाच अभ्यासाचा भाग आहे. तुमच्या विषयातही अशी एखादी जोडी असेल, 'पारंपरिक-आधुनिक' किंवा 'ग्रामीण-शहरी'. ती गृहीत धरू नका.

वहीत काय लिहायचं

ॲलन मेरियम यांनी 'द अँथ्रोपॉलॉजी ऑफ म्युझिक' (१९६४) मध्ये संगीत तीन पातळ्यांवर बघायला सांगितलं: लोकांच्या कल्पना, त्यांचं वागणं आणि प्रत्यक्ष ध्वनी. मी वहीच्या पानाचे तसेच तीन रकाने केले. ध्वनीच्या रकान्यात भाषा, पट्टी, सर्वात वरचा सूर, वाद्यं. वागण्याच्या रकान्यात कोण उभं राहिलं, कोणी पुस्तक उघडलं, कोणी गाणं सोडलं आणि कुठल्या ओळीवर. कल्पनांचा रकाना रविवारी रिकामा ठेवायचा. तो नंतर लोकांशी बोलूनच भरायचा. ही शिस्त पाळणं सगळ्यात कठीण आहे, कारण आपल्याला कारण लगेच सुचतं.

छापील आकडेवारीबद्दलही सावध राहा. चर्चमधल्या गाण्यांचे परवाने देणारी सीसीएलआय नावाची संस्था १९८८ पासून काम करते आणि कोणती गाणी जास्त गायली जातात त्याच्या याद्या काढते. यादी मोहक आहे. पण ज्या मंडळ्या परवानाच घेत नाहीत, त्यांची गाणी त्या यादीत येणार कुठून?

तो रविवार

मँटल हूड यांनी १९६० मध्ये मांडलं की संगीताच्या अभ्यासकानं ते संगीत स्वतः वाजवायला शिकावं. मी ते मनावर घेतलं. पाळकांची आणि मंडळीची परवानगी घेऊन शनिवारच्या सरावाला कीबोर्डवर बसू लागले. मी ख्रिस्ती नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठरलं असं होतं की सरावात वाजवायचं, उपासनेत मात्र मागं बसून बघायचं.

एका रविवारी कीबोर्डवाला आजारी पडला आणि वर्शिप लीडरही गावाला गेलेला. "ताई, तुम्हाला सगळी गाणी येतात, आज तुम्हीच सांभाळा," असं मुलं म्हणाली. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. प्रार्थना मी घेणार नव्हते, पण गाण्यांची पट्टी, लय आणि खुणा माझ्या हातात होत्या.

एक नवं गाणं मी यूट्यूबवरच्या रेकॉर्डिंगच्या पट्टीतच ठेवलं. त्यात कडवं खालच्या सुरात आणि कोरसला आवाज एकदम एक सप्तक वर जातो. अशा गाण्यांत हे नेहमीचं आहे. स्टेजवरच्या एका तयार गळ्याला ते छान बसतं. कोरस आला आणि डावीकडच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. पुढचं कडवंही त्यांनी म्हटलं नाही. चौथ्या गाण्याला एकीनं पिशवीतून 'उपासना संगीत' काढलं आणि ते मिटूनच हातात धरून ठेवलं. मी वाजवत राहिले, आणि माझ्यामुळं त्या बाहेर पडल्या, हे मला समोर दिसत होतं.

पुढच्या रविवारी लीडरला सांगून तेच गाणं तीन पट्ट्या खाली घेतलं. मी मागं बसले. त्या बायकांतल्या काही गायल्या. मी खूश होऊन वहीत लिहिलं: 'कारण पट्टी'.

मग दोन दिवसांनी त्यांच्यातल्या एका आजींच्या घरी गेले. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, वर-खाली ते ठीक हाय. पन तुमच्या गान्यात कधी सुरू कराचं तेच समजत नाही. मधातच वाजवत राहता. पुस्तकात कसं, ओळी मोजता येते."

माझं कारण अर्धंच बरोबर होतं. वाद्यांची मधली जागा कधी चार मात्रांची, कधी आठ, कधी लीडरच्या मनावर. पडद्यावर शब्द दिसतात, पण मोजता येत नाही. दुसऱ्या रविवारी त्या गायल्या त्यात पट्टीचा भाग होता, तसा गाणं दुसऱ्यांदा ऐकल्याचाही होता. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की कोणतीच सिद्ध होत नाही. हे पेटच्या पुस्तकात मी पाठ केलेलं होतं, आणि तरी चुकले.

मग ती नोंद ठेवायची की फाडायची?

हा प्रश्न मी गाईडकडे नेला. त्या गप्पपणाला मीच कारणीभूत होते, मग तो माझा डेटा कसा? त्यांनी मला इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख वाचायला दिला. कर्वे पंढरीच्या दिंडीत स्वतः चालल्या. एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी लिहिलं आणि त्याचा त्यांना स्वतःला झालेला त्रासही लिहिला. स्वतःला त्यांनी पानावरून पुसलं नाही, म्हणून तो लेख आजही खरा वाटतो.

मी नोंद ठेवली. फक्त वर लिहिलं: 'या दिवशी पट्टी संशोधिकेनं ठरवली.' त्या दिवसाची तुलना इतर रविवारांशी करायची नाही, हेही लिहिलं. आणि उपासनेत वाजवणं बंद केलं. मुलांना थोडं वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण त्या बाकांवरच्या बायकांसाठी रविवारची ती वीस-पंचवीस मिनिटं नमुना नव्हती, त्यांची उपासना होती. माझ्या प्रकरणाला माहिती मिळावी म्हणून ती पणाला लावायचा मला हक्क नव्हता. याच कारणानं प्रार्थना आणि साक्षी मी कधी रेकॉर्ड करत नाही, परवानगी मिळाली तरीही.

आजींचं म्हणणं मी त्यांना विचारूनच लीडरला सांगितलं. आता काही गाण्यांत मधल्या वाद्यांच्या जागा ठरवून चार मात्रांच्या ठेवतात. सगळ्या गाण्यांत नाही. तरुण मुलांना मोकळीक हवी असते, आणि तीही त्याच मंडळीची मुलं आहेत.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम

१. तुमच्या शीर्षकातला 'परिणाम' हा शब्द काढा आणि तिथं दिसेल, ऐकू येईल असं काहीतरी लिहा.

२. तुमच्या क्षेत्रात एक तास बसा. भजन मंडळ, ग्रामसभा, दवाखान्यातली रांग, काहीही चालेल. फक्त काय घडलं ते लिहा. 'कारण' हा शब्द एकदाही वापरू नका.

३. मग तिथल्या एका माणसाला विचारा. तुमच्या मनातलं कारण आणि त्यानं सांगितलेलं कारण शेजारी-शेजारी लिहा.

४. त्या तासात तुमच्या असण्यानं काय बदललं, ते शेवटी एका ओळीत लिहा.

आणि वहीची प्रत काढून ठेवा. एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरा गावच्या नोंदी १९७० मध्ये आगीत गेल्या. त्यांनी आठवणीतून 'द रिमेंबर्ड व्हिलेज' (१९७६) लिहिलं. ते श्रीनिवास होते. आपण रोज रात्री फोटो काढून ठेवलेले बरे.