रमण्यापासून फेलोशिपपर्यंत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा गणपतीचे देऊळ आहे. दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ‘रमणा’ म्हणजे काय हे ठाऊक असते. रमणा म्हणजे दक्षिणा वाटण्यासाठी राखलेले बंदिस्त आवार. पेशवाईत श्रावण आला की काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण पुण्याची वाट धरत. नामांकित शास्त्री-पंडितांची आधी परीक्षा होई आणि ज्याची जशी विद्या तसा त्याचा मान ठरे. बाकीच्यांना रमण्यात घेत आणि मग एकेकाच्या हातावर नाणी ठेवून त्याला दाराबाहेर सोडत.

शिष्यवृत्ती, फेलोशिप, ग्रंथ-पारितोषिक, अनुदान हे शब्द ऐकले की त्यांचे मूळ विलायतेत शोधायची आपल्याला सवय आहे. महाराष्ट्रात मात्र या गोष्टींचा बराचसा इतिहास या एका थैलीशी बांधलेला आहे. ती थैली दीडशेहून अधिक वर्षे हातोहाती फिरली. दर वेळी पैसा तोच राहिला. विद्वान कोणाला म्हणायचे याचा नियम बदलत गेला. दक्षिणेची गोष्ट ही खरे तर त्या नियमाची गोष्ट आहे.

सुरुवात पुण्यात झाली नाही, तळेगावात झाली. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणातली दक्षिणा सुरू केली. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना मारले गेले. पुढे दाभाड्यांचे बळ ओसरले आणि दक्षिणेचा मान पेशव्यांकडे आला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात गेला. त्यातून शास्त्राध्ययनाला बळ मिळाले यात शंका नाही. न्याय, व्याकरण, वेदान्त शिकणाऱ्याला वर्षातून एकदा तरी आपल्या विद्येची कदर होईल अशी खात्री असे. पण रमण्याचे दार एकाच जातीसाठी उघडे होते आणि आत शिरणाऱ्यांत विद्वानांपेक्षा नुसते जन्माने पात्र ठरलेले कितीतरी अधिक होते.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. नवा इंग्रज कारभारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला पुण्याचे मन ओळखता येत होते. दक्षिणा एका फटक्यात बंद केली तर शहर दुखावेल हे जाणून त्याने ती सुरू ठेवली, पण रक्कम सुमारे 50,000 रुपयांवर आणली आणि त्यातला काही भाग शिक्षणाकडे वळवला. 1821 मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. शास्त्र्यांना पगार आणि विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळू लागले. श्रावणातल्या एका दिवसाच्या दानाचे असे बारमाही विद्यावेतन झाले. याच पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज आणि 1864 मध्ये डेक्कन कॉलेज झाले. येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत आज भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व शिकणाऱ्यांनी आपली वंशावळ शोधली, तर ती रमण्याच्या दाराशी जाऊन पोचेल.

पण पाठशाळेतही विद्यार्थी बदलले नव्हते, जात तीच होती. पहिला खरा धक्का दिला तो पुण्यातल्याच तरुण सुधारकांनी. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने 1849-50 च्या सुमारास सरकारकडे अर्ज गेला. दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, आणि तो देताना जात पाहू नये, अशी त्यांची मागणी होती. शहर खवळले. अर्जदारांना अंगावर येणाऱ्यांची भीती वाटू लागली. तेव्हा जोतीराव फुले महार-मांग वस्त्यांतली दोनशेएक धट्टीकट्टी माणसे घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना रमण्याची सावलीही वर्ज्य होती, त्यांनी मराठी पुस्तकांच्या बक्षिसासाठी पहारा दिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी.

1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. हस्तलिखित कमिटीकडे पाठवायचे, सभासदांनी वाचून मत द्यायचे आणि पसंतीस उतरले तर लेखकाला रोख बक्षीस, असा तिचा शिरस्ता होता. गाव-मोहल्ल्यात वाचक मोजके, छपाई महाग. अशा काळात हे बक्षीस लेखकाला मोठा आधार होते.

याच कमिटीपुढे 1855 मध्ये एक नाटक आले, जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’. एक जोशी गरोदर कुणबी बाईच्या दारात येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला शांतीच्या नावाखाली कर्जात लोटतो. एक पाद्री त्यांना जागे करू पाहतो, विदूषक मधे मधे बोचरे बोलत राहतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत अक्षरे गिरवायला निघतात. अंधश्रद्धेवरचा उपाय शिक्षण आहे, हे मराठीत रंगभूमीच्या भाषेत सांगणारे हे लेखन. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भटांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, ही तक्रार फुल्यांनी ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली. नाटक छापून वाचकांपुढे यायला 1979 साल उजाडावे लागले. जात पाहू नये म्हणून लढून मिळवलेले बक्षीस त्या लढाईतल्या पहारेकऱ्यांच्या पुढाऱ्यालाच मिळाले नाही. नियम कागदावर बदलला होता, पण कमिटीच्या खुर्च्यांवर माणसे जुनीच होती.

तरीही या निधीला केवळ त्या एका अन्यायाने मोजणे योग्य नाही. ‘दक्षिणा फेलो’ ही त्याची सर्वांत फलदायी शाखा. हुशार तरुणाने कॉलेजात राहावे, खालच्या वर्गांना शिकवावे, स्वतःचा अभ्यास वाढवावा आणि त्यासाठी त्याला दरमहा पैसे मिळावेत, अशी ही योजना होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते, आणि 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार बी. ए. पदवीधरांतही दोघे होते. फेलो असतानाच भांडारकर पुण्याच्या शास्त्र्यांकडे व्याकरण-न्याय शिकले. जुनी दक्षिणा ज्या परंपरेने पोसली तीच विद्या नव्या दक्षिणेच्या आधाराने त्यांच्याकडे आली आणि त्यांनी तिला इतिहाससंशोधनाची शिस्त दिली. पुढे गोपाळ गणेश आगरकरांनाही बी. ए. नंतर याच फेलोशिपचा हात मिळाला. घरच्या गरिबीने जो मुलगा कारकुनीत अडकला असता, त्याला विचार करायला सवड मिळाली. आगरकरांनी त्या सवडीचे काय केले ते महाराष्ट्र जाणतो.

एवढ्या वर्षांचा हिशेब मांडला तर मला दोन गोष्टी ठामपणे म्हणाव्याशा वाटतात. विद्येला पैसा लागतो, आणि तो वेळेवर मिळाला तर एक भांडारकर, एक आगरकर उभा राहतो. म्हणून विद्यावेतनांना खैरात म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. आणि पैसा देणाऱ्या समितीत कोण बसते, यावर विद्येची व्याख्या ठरते. आज शिष्यवृत्त्या, फेलोशिपा, ग्रंथपुरस्कार यांच्या समित्यांवर बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: निकालावर सही करण्यापूर्वी नाकारलेल्या अर्जांची चळत पुन्हा एकदा उघडा. त्यात एखादे ‘तृतीय रत्न’ पडलेले असू शकते.