पावसाळी सायकल आणि आपले पाय

मृग लागला की आमच्या बेळगावात दवाखान्याच्या पायरीवर ओल्या चपलांची रांग लागते आणि तपासणीच्या टेबलावर चिखल्यांनी पांढरे पडलेले पाय येऊ लागतात. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे हे गाव. येथला पाऊस जोडीला गार वारा घेऊन येतो. अशा हवेत रोज सायकल चालविणाऱ्याच्या पायांचे काय होत असेल, याचा विचार मी फारसा केला नव्हता. तो मला करायला लावला एका वृत्तपत्र-विक्रेत्याने.

साठीकडे झुकलेले हे गृहस्थ बारा वर्षांचे मधुमेही. पहाटे साडेचारला अंक वाटायला सायकलवरून निघत आणि साडेआठच्या सुमारास परतत. एका जुलैमध्ये ते ताप आणि सुजलेला पाय घेऊन आले. गमबूट उतरविला तेव्हा करंगळीखाली जखम दिसली. बूट उपडा केला तेव्हा ओंजळभर पाणी आणि वाटाण्याएवढा खडा बाहेर पडला. ‘‘डॉक्टरसाहेब, खडा टोचला असता तर मी काढला नसता का?’’ त्यांच्या या प्रश्नातच निदान होते. पाय वाचला, करंगळी मात्र गमवावी लागली.

गमबूट असूनही आत पाणी आले कोठून? सायकलस्वारावर पाणी तीन बाजूंनी चाल करते. वरून पडणारे पाणी नडगीवरून ओघळते. रेनकोटची विजार बुटात खोचली की ते थेट तळव्याशी जाते. म्हणून विजार बुटाबाहेर ठेवावी आणि साखळीत अडकू नये यासाठी घोट्यापाशी पट्टीने बांधावी. दुसरे पाणी पुढच्या चाकाचे. मडगार्डच्या टोकाला जुन्या रबराचा रुंद तुकडा जमिनीपासून चार बोटे वर राहील असा लावला, तर पायांवर उडणारे बरेचसे पाणी अडते. तिसरे पाणी आपलेच, घामाचे. बंद रबरी बुटात त्याला वाट नसते.

आता गारठ्याविषयी. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात सायकलच्या गतीचा वारा. मांड्या व पोटऱ्या राबत असतात, पण बोटे जवळजवळ निश्चल राहतात आणि तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. अशा वेळी घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले, तर रक्तप्रवाह आणखी रोडावतो व पाय अधिकच गार पडतात. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. लोकरीचा ओला झाला तरी काहीशी ऊब राखतो. बोटे हलविण्यापुरती मोकळी जागा असलेला बूट आणि लोकरीचा एकच मोजा, हे उत्तम. छोट्या अंतरासाठी मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून वर बूट घालण्याची युक्तीही चालते. तासाभराहून अधिक वेळ मात्र नको, कारण आत घाम साचतो.

इतके करूनही पाय भिजतातच. परंतु पाय भिजणे आणि पाय भिजलेले राहणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या महायुद्धात 1914-15 च्या हिवाळ्यात फ्रान्स व फ्लँडर्सच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही केवळ दीर्घकाळच्या ओल्या थंडीने निकामी झाले. त्या आघाडीवर भारतीय सैनिकही होते. पुढे कोरडे मोजे पोहोचविणे, पायांना तेल चोळणे आणि सैनिकांनी जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासणे अशी शिस्त लावली गेली आणि हा विकार बराच आटोक्यात आला.

आपली शिस्त त्याहून सोपी आहे. पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड ठेवावा आणि मुक्कामी पोहोचताच ओले मोजे बदलावेत. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. चिखल्या किरकोळ समजू नयेत. त्या भेगांतूनच जंतू शिरून पाय सुजतो. दुकानातून मनानेच आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम बुरशीला अधिक चिवट बनविते. तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर पंधरवड्यात ताप आला, तर डॉक्टरांना ते पाणी आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरूनच येते.

मधुमेहींसाठी एक विशेष गोष्ट. पाण्यात बराच वेळ राहिल्यास बोटांवर सुरकुत्या पडतात, त्या त्वचा फुगल्यामुळे नव्हे, तर मज्जातंतूंच्या आज्ञेने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. मज्जातंतू निकामी असतील तर त्या नीट पडत नाहीत. 1973 साली हाताच्या बाबतीत याच निरीक्षणावरून एक साधी चाचणी सुचविली गेली. भिजूनही पाय गुळगुळीत राहत असतील, तर ते कौतुकाचे लक्षण नव्हे. तपासणी करून घ्यावी. अशा पायांना गार पडले म्हणून गरम पाण्यात किंवा शेगडीपाशीही नेऊ नये. पोळल्याचे कळत नाही.

आम्हा व्यावसायिकांनाही एक विनंती. पावसाळ्यात मधुमेही रुग्ण साखरेचा कागद पुढे करतो, तेव्हा त्याला बूट-मोजे काढायला सांगावे. दोन मिनिटे लागतात.

ते विक्रेते आजही अंक वाटतात. निघण्यापूर्वी बूट उपडा करून झटकतात, आत हात फिरवतात. परतल्यावर त्यांची मुलगी दिव्याखाली त्यांचे दोन्ही तळवे पाहते. जे पायाला कळत नाही, ते आता तिच्या डोळ्यांना कळते.