सिकलसेलच्या उदाहरणातून आधुनिक जनुकसंशोधनाचे अध्यापन

प्रस्तावना

कनिष्ठ महाविद्यालयात व पदवी स्तरावर आनुवंशिकीचे अध्यापन बहुधा मेंडेलचे नियम, डीएनएची रचना आणि प्रथिननिर्मिती या क्रमाने होते. अलीकडील संशोधन वर्गात आलेच तर ते प्रकरणाच्या अखेरीस, एखाद्या परिच्छेदापुरते येते. परिणामी 'क्रिस्पर' हा शब्द विद्यार्थ्याच्या कानावर पडतो. परंतु पूर्वज्ञानाशी त्याचा सांधा जुळत नाही. यावर उपाय म्हणजे नवा घटक न वाढविता अभ्यासक्रमातील परिचित उदाहरणच आजच्या संशोधनापर्यंत आणणे होय. सिकलसेल आजार हे असे उदाहरण आहे. विदर्भात तसेच नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत तो आढळत असल्याने महाराष्ट्रातील अध्यापकास त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

एका अक्षराचा बदल

लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या प्रकारे सरकते, हे दाखवून दिले. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा भेद एका अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. डीएनएवर 'जीएजी' या संकेताचा 'जीटीजी' झालेला असतो.

हा बदल प्रयोगशाळेविनाही शिकविता येतो. एका कागदी पट्टीवर 'सीसीटी जीएजी जीएजी' व दुसरीवर 'सीसीटी जीटीजी जीएजी' असा क्रम लिहावा. एमएसटी-२ हे विकर 'सीसीटी, नंतर कोणतेही एक अक्षर, नंतर एजीजी' असा क्रम ओळखून डीएनए कापते. विद्यार्थ्यांनी हा नियम लावला असता पहिली पट्टी कापली जाते, दुसरी जात नाही. याच तत्त्वावर १९८२ मध्ये गर्भाच्या डीएनएतील या उत्परिवर्तनाचे थेट निदान करण्यात आले.

चुकीची दुरुस्ती की पर्यायी मार्ग?

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या क्रिस्परवर आधारित उपचारास मान्यता दिली. त्यात चुकलेले अक्षर दुरुस्त केले जात असावे, असे विद्यार्थी सहज गृहीत धरतात. वस्तुस्थिती निराळी आहे. गर्भावस्थेत हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर गॅमा साखळीची निर्मिती मंदावते. त्यामागे बीसीएल११ए या जनुकाचा मोठा वाटा असतो. उपचारात रुग्णाच्या रक्तमूळपेशी शरीराबाहेर काढून या जनुकाचा रक्तपेशींतील नियंत्रक भाग निकामी केला जातो व त्या पेशी परत दिल्या जातात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि सिकलसेल हिमोग्लोबिनची गोठण रोखली जाते.

येथे एक प्रश्न अवश्य विचारावा : अशा बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या अपत्यास सिकलसेलचे जनुक मिळेल काय? उत्तर होकारार्थी आहे. कारण बदल रक्तमूळपेशींत झाला, जननपेशींत नव्हे. या एकाच प्रश्नात मेंडेल व क्रिस्पर एकत्र येतात. उपचारापूर्वी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि अमेरिकेत त्याची जाहीर किंमत सुमारे २२ लाख डॉलर होती, हेही सांगितल्यास संशोधन आणि त्याची उपलब्धता यांतील अंतर लक्षात येते.

वर्गातील दक्षता

हा विषय शिकविताना समोर एखादा वाहक अथवा रुग्ण विद्यार्थी बसलेला असू शकतो. म्हणून कोणाचाही कौटुंबिक इतिहास वर्गात विचारू नये. वंशावळीचा सराव काल्पनिक कुटुंबावर घ्यावा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे स्पष्ट करावे. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. 'चारांपैकी एक' याचा अर्थ एक अपत्य बाधित झाल्यावर पुढील तीन सुरक्षित, असा होत नाही. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यातील तपासणीचा निष्कर्ष कुटुंबाला नीट समजणे हे बव्हंशी याच आकलनावर अवलंबून आहे.

समारोप

आधुनिक संशोधन शिकविण्यासाठी महागड्या साधनांपेक्षा उदाहरणाची योग्य निवड अधिक महत्त्वाची ठरते. पट्टी, कात्री व नेमका प्रश्न यांच्या साह्याने १९४९ पासून २०२३ पर्यंतचा प्रवास दोन-तीन तासिकांत घडविता येतो. त्यातून विद्यार्थी केवळ माहिती मिळवीत नाही, तर पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाण्याची रीत आत्मसात करतो.