लावणीच्या दिवसांतील पायांची निगा आणि बांधावरची औषधे

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी कोकणातील शेतकरी बांधबंदिस्ती करतो, राब भाजून ठेवतो, नांगर असो वा पॉवर टिलर, त्याची दुरुस्ती करून घेतो. बैलाच्या खुरास जखम असेल तर तीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. परंतु ज्या पायांवर उभे राहून सारी लावणी पार पाडावयाची असते, त्या पायांची आठवण बहुधा बोटांच्या बेचक्या फाटून चालणे कठीण झाल्यावरच होते. पेण व रोहा या तालुक्यांत ही अडचण घरोघरी आहे. पेणच्या पश्चिमेकडील खारेपाटात जमीन सखल व क्षारयुक्त, तर कुंडलिकेच्या खोऱ्यात पाणी साचून राहणारी भातखाचरे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. लावणी करणाऱ्या स्त्रिया सकाळपासून दिवस मावळेपर्यंत घोटाभर चिखलात वाकून उभ्या असतात. कालव्याचे पाणी मिळते अशा गावांतून उन्हाळी भातही होत असल्याने तेथे हा त्रास एका हंगामापुरता राहत नाही.

बोटांच्या बेचक्यांतील या विकारास आपण चिखल्या म्हणतो. नाव चिखलाचे असले तरी मूळ दोष चिखलाचा नसून सततच्या ओलाव्याचा आहे. कातडी तासन् तास भिजत राहिली म्हणजे तिचा वरचा थर फुगतो, पांढुरका व मऊ होतो आणि थोड्याशा घर्षणानेही सुटून येतो. करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांच्यामध्ये हवा खेळत नाही, म्हणून बहुधा आरंभ तेथूनच होतो. उघड्या पडलेल्या भागावर बुरशी व इतर सूक्ष्म जंतू वाढतात. आग, खाज व दुर्गंधी सुरू होते, भेगा पडतात. हातांनी रोपे उपटून जुड्या बांधणाऱ्यांच्या नखांच्या कडा सुजतात. त्या नखुरड्याचे कारणही हेच होय.

हा विकार किरकोळ समजून अंगावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडली पाहिजे, कारण चिखल्या म्हणजे शरीरात शिरण्याचे उघडे दार आहे. उंदीर, गुरे व इतर जनावरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू शेतातील पाण्यात येतात आणि भेगाळलेल्या किंवा फार वेळ भिजलेल्या कातडीतून माणसाच्या रक्तात प्रवेश करतात. लेप्टोस्पायरोसिस हा रोग कोकणच्या भातपट्ट्यास चांगलाच परिचित आहे. चिखलात काम केल्यावर, बहुधा एक ते दोन आठवड्यांत, थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या व कंबर असह्य दुखू लागली, डोळे लाल झाले, तर काढे व लेप यांत एक दिवसही न घालविता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण लावणीस जात होतो हे तेथे आवर्जून सांगावे. वेळीच उपचार झाल्यास रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे व यकृत निकामी होऊन प्राण जाऊ शकतो. ज्या गावात असे रोगी आढळतात, तेथे आरोग्य खाते प्रतिबंधक गोळ्या देते. त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्याव्या.

आता बांधावरील औषधांकडे वळू. पेण व रोहा तालुक्यांच्या डोंगरकडेच्या वाड्यांतून राहणारे ठाकूर व कातकरी बांधव, तसेच खारेपाटातील वृद्ध स्त्रिया यांच्यापाशी या विषयाचे बरेच ज्ञान आहे. कातकरी हे नावच मुळी खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. कात हा तुरट पदार्थ होय. ज्या गुणामुळे हिरडा, बाभूळसाल इत्यादी तुरट द्रव्ये कातडी कमावण्यास उपयोगी पडतात, आणि ज्या गुणासाठी कोळी बांधव पूर्वी सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत, तोच गुण येथे कामी येतो. तुरट द्रव्याने भिजून सैल झालेली कातडी आकसते, तिच्यातील पाझर कमी होतो व ती टणक बनते. म्हणून पाय धुऊन कोरडे केल्यावर बोटांच्या बेचक्यांत शुद्ध काताची पातळ पूड लावण्याची रीत आहे, आणि ती समंजस रीत आहे. मात्र पानाच्या दुकानात मिळणारा सुवासिक, मिश्रित कात या कामी घेऊ नये.

मेंदीचेही तसेच. लावणीच्या दिवसांत आपल्याकडील स्त्रिया पायांस मेंदी थापतात ती केवळ शोभेकरिता नव्हे. मेंदीच्या पानांत रंग देणारे जे द्रव्य असते, ते प्रयोगशाळेतील परीक्षेत बुरशीची वाढ रोखणारे आढळले आहे. शिवाय पाने तुरटही आहेत. कुंपणाची ताजी पाने स्वच्छ पाट्यावर बारीक वाटून रात्री निजताना बेचक्यांत व तळव्यास लावावी आणि सकाळी धुऊन टाकावी. बाजारात काळी मेंदी म्हणून जी मिळते तिच्यात केस रंगविण्याचे रसायन मिसळलेले असते. तिने अंगावर फोड उठतात. तान्ह्या मुलांस मात्र कोणतीच मेंदी लावू नये. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते व अशा मुलांच्या रक्तपेशी मेंदीमुळे फुटू शकतात.

येथे क्रमाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. कित्येक जण शेतातून आल्याबरोबर ओल्या पायांवरच तेल चोपडतात. त्यामुळे ओलावा आत कोंडला जातो व चिखल्या वाढतात. तेल लावावयाचे ते चिखलात उतरण्यापूर्वी, कोरड्या पायांवर, म्हणजे पाण्यास अडसर होतो. परत आल्यावर साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुवावे, प्रत्येक बेचकी कोरड्या फडक्याने टिपावी, चुलीपासून बेताच्या अंतरावर किंवा वाऱ्यावर पाय सुकू द्यावे आणि त्यानंतरच कात अथवा मेंदी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही पाय अर्धा तास कोरडे राहतील असे पाहिले तर निम्मे औषध तेथेच झाले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गमबूट चांगलेच, परंतु लावणीच्या गाळात ते रुतून बसतात, ही तक्रार खोटी नव्हे. खतांची पोती उचलताना, नाला साफ करताना किंवा गोठ्यात मात्र ते न वापरण्यास सबब नाही.

चिखलात उतरण्यापूर्वी लावण्यास करंजाचे तेल आपल्याकडे फार दिवसांपासून वापरात आहे. करंज ओढ्याकाठी व खाडीकाठी आपोआप वाढतो. त्याच्या बियांत वजनाच्या सुमारे तीस टक्के तेल असते. ते कडू, उग्र वासाचे व खाण्यास अयोग्य आहे; म्हणून स्वयंपाकघरात ठेवू नये. जुन्या लोकांनी हे तेल खरूज व खाजेवर वापरले, दिव्यातही जाळले. तेल काढल्यावर उरणारी पेंड भाताच्या खाचरास उत्तम खत होते आणि नत्र लवकर वाहून जाऊ देत नाही, हा दुसरा लाभ. करंजतेल न मिळाल्यास खोबरेल तेलही चालते.

पावसाळा सरला की तक्रार बदलते. थंडीत टाचांना कोरड्या भेगा पडतात आणि तेथे तुरट द्रव्यांचा काही उपयोग नाही. तेथे स्निग्धताच हवी. कोकमाच्या बियांपासून काढलेले घट्ट कोकमतेल यासाठी उत्कृष्ट होय. ते हवेत गोळ्यासारखे राहते आणि अंगाच्या उष्णतेने मऊ होते. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, टाच हलक्या हाताने घासून, भेगेत हे तेल पातळ करून भरावे. काही ठिकाणी भेगेत बिब्बा घालतात. हा प्रकार अघोरी आहे. बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजते, कित्येकदा साऱ्या अंगावर सूज येते. रुईच्या चिकाची गोष्टही वेगळी नाही. तो चिक चुकून डोळ्यात गेल्यास दृष्टीस अपाय होतो. मधुमेही माणसाने तर पायाच्या जखमेवर घरगुती प्रयोग करूच नयेत. शेण, माती किंवा चुलीतील राख उघड्या जखमेत भरणे म्हणजे धनुर्वातास निमंत्रण होय.

गजकर्ण किंवा नायटा यावर टाकळा हे प्रसिद्ध औषध. संस्कृतात या झुडपास चक्रमर्द आणि दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा नाश करणारे, अशी नावे आहेत. पहिल्या पावसाबरोबर त्याची कोवळी पाने भाजीस येतात, हे सर्वांस माहीत आहे. औषधास उपयोगी पडते ते बी. आंबट ताकात रात्रभर भिजवून ते वाटतात व तो लेप चट्ट्यावर लावतात. बियांत बुरशीविरोधी गुणाची द्रव्ये असल्याचे रासायनिक परीक्षणात दिसले आहे. तथापि प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडासा लेप लावून एक दिवस थांबावे. तेथे आग किंवा पुरळ न झाल्यासच पुढे जावे. जांघेतील सोललेल्या कातडीवर व लहान मुलांस तो लावू नये.

टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा, ज्यास कित्येक जण रानटाकळा म्हणतात, त्याच्याशी गफलत होऊ देऊ नये. टाकळ्याच्या पानास बहुधा तीन जोड्या पर्णिका असून त्यांची टोके गोलसर असतात आणि शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याच्या पर्णिका चार ते सहा जोड्या व टोकदार, तर शेंग चपटी असते. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात त्या खाल्ल्याने लहान मुलांचे मेंदू, यकृत व स्नायू यांवर परिणाम होऊन मृत्यू ओढवल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे.

अलीकडे गजकर्ण पूर्वीइतके सहज बरे होत नाही, ही तक्रार ग्रामीण भागात सर्वत्र ऐकू येते व ती यथार्थ आहे. नेहमीच्या औषधास दाद न देणारी बुरशीची एक जात भारतात पसरली असून, जपानी संशोधकांनी २०२० साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. डॉक्टरांस न विचारता दुकानातून आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे हे रोग चिघळण्याचे एक मोठे कारण आहे. अशा मलमाने दोन दिवसांत खाज थांबते, रोगी संतुष्ट होतो, पण बुरशी आत पसरत राहते. २०१८ साली केंद्र शासनाने अशा चौदा औषधांची चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. तरी ती मिळतात. टाकळ्याच्या लेपाने दोन आठवड्यांत चट्टा ओसरला नाही, किंवा घरातील दुसऱ्या माणसास लागण झाली, तर लेप बंद करून डॉक्टरांकडे जावे. दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितले असेल तितके दिवस चालू ठेवावे. कपडे व पंचा वेगळा ठेवावा आणि उन्हात, तेही नसेल तर चुलीच्या उबेत, पूर्ण सुकवावा.

खरजेसंबंधी एक उल्लेखनीय प्रयोग आहे. तामिळनाडूत कडुनिंबाचा पाला व हळद यांचा लेप ८१४ रोग्यांस लावण्यात आला व ३ ते १५ दिवसांत ९७ टक्के बरे झाले, असे १९९२ साली प्रसिद्ध झाले. आकडा मोठा आहे, परंतु ज्यांस लेप लावला नाही अशांशी तुलना त्यात नव्हती, हे विसरू नये. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते व लागण झाल्यावर खाज सुटण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून उपाय कोणताही असो, तो घरातील सर्वांनी एकाच दिवशी केला पाहिजे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुतले पाहिजे. आरोग्य केंद्रात मिळणारे औषध अधिक खात्रीचे आहे.

हळदीची गोष्ट निघाली आहे तर आणखी थोडे. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्यादाखल सादर केले व १९९७ साली ते रद्द झाले. जे ज्ञान लिहिलेले होते ते वाचले. आपल्या वाड्यांतील बहुतेक ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ठाकूर व कातकरी वाड्यांवर जाऊन, सांगणाऱ्याच्या संमतीने व त्याच्या नावानिशी, वनस्पतीचे स्थानिक नाव, कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कशासाठी, हे तीत नोंदवावे. नोंद म्हणजे शिफारस नव्हे, हेही तेथे लिहून ठेवावे.

एक खूण मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. फिकट किंवा लालसर चट्टा असून तो खाजत नाही आणि तेथे कापसाच्या बोळ्याचा स्पर्श कळत नाही, तर तो नायटा नव्हे; तो कुष्ठरोग असू शकतो. पूर्वी या रोगावर कडू कवठाच्या जातीच्या झाडांचे तेल वापरीत. १९४० नंतरच्या काळात परिणामकारक गोळ्या निघाल्या आणि ते मागे पडले. आज सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी हा रोग बरा होतो व ती शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.

टाकळ्याच्या शेंगा पावसाळा संपताच, आश्विन-कार्तिकात, तडकण्यापूर्वी काढाव्या. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडतात. त्या पहिल्या वळवाआधी वेचून घ्याव्या, नाहीतर बियांस बुरशी येते. बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, पाखडून, झाकणाच्या कोरड्या बाटलीत भरावे, बाटलीवर वनस्पतीचे नाव व महिना लिहावा आणि ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.